भिंतीचं माप आणि माणसाचं माप

आयएस १२०० म्हटलं की सिव्हिलवाले कपाळाला हात लावतात. बांधकामात ०.१ चौ. मी. पर्यंतच्या ओपनिंगचं डिडक्शन नाही, प्लास्टरमध्ये ०.५ पर्यंत नाही, त्यापुढे ३ चौ. मी. पर्यंत एकाच बाजूचं... पाठ करता करता जीव जातो! पण हे नियम आहेत कशासाठी? भिंत मालकाच्या माणसाने मोजो की कॉन्ट्रॅक्टरच्या, आकडा एकच यावा म्हणून.

मग हे मोजमाप करणाऱ्या माणसाला मोजताना हाच न्याय का नको?

गल्फमध्ये क्वांटिटी सर्व्हेअर म्हणून जाणाऱ्या आपल्या सीनिअर्सच्या तोंडी 'एमआरआयसीएस' हा शब्द नेहमी असतो. १८६८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या आरआयसीएस या संस्थेचं हे सभासदत्व. त्यासाठीच्या परीक्षेला एपीसी म्हणतात. गेली अनेक वर्षं चालत आलेली पद्धत अशी: आधी कामाच्या अनुभवाचा लेखी गोषवारा आणि ३००० शब्दांची केस स्टडी द्यायची. मग तासाभराची मुलाखत. त्यात पहिली १० मिनिटं प्रेझेंटेशन, आणि समोर दोन-तीन अनुभवी परीक्षक. प्रत्येक विषयाच्या तीन पातळ्या ठरलेल्या: माहिती आहे का, ती वापरली का, आणि त्यावर क्लायंटला सल्ला देता येतो का.

यातलं चांगलं ते आधी मान्य करू. काय विचारणार हे आधी छापलेलं असतं आणि उमेदवार अडला तर कुठे कमी पडला ते लेखी मिळतं. आपल्याकडच्या व्हायवात एक्स्टर्नल "ओके, नेक्स्ट" म्हणाले की विषय संपला. मार्क कशाचे गेले, देव जाणे!

पण तिथेही एक खोट आहेच. अपील करता येतं ते प्रक्रियेत चूक झाली तर. परीक्षकांचं मत पटलं नाही म्हणून नाही. म्हणजे तेच उत्तर एका पॅनेलला पुरेसं वाटलं आणि दुसऱ्याला तोकडं, तर दाद कुठे मागायची? त्यात सगळा कस बोलण्यावर. साइटवर पाच वर्षं चोख बिलं काढलेला मुलगा इंग्रजीत अडखळला, तर त्याला विषय येत नाही की भाषा?

कुणी म्हणेल, क्यूएसला कॉन्ट्रॅक्टरसमोर बसून आकडा पटवून द्यावा लागतो, बोलता यायलाच हवं. बरोबर आहे. मुलाखत काढून टाका असं मी म्हणतच नाही. पण तिच्या जोडीला सगळ्यांना एकच लेखी काम द्या: ड्रॉइंग बदललं, आता व्हेरिएशनचा रेट काढून दाखव. आणि निकालावर वाद झाला तर दुसऱ्या परीक्षकाने सगळं नव्याने तपासावं.

मित्रांनो, एमबीत खाडाखोड चालत नाही. चुकलेली नोंद छेदून शेजारी सही करावी लागते, म्हणजे कुणी काय बदललं ते कळतं. एक घनमीटर काँक्रीटसाठी आपण एवढी काळजी घेतो. निदान आपल्या कॉलेजच्या व्हायवापासून तरी मार्कांसमोर एक ओळ कारण लिहायला सुरुवात करायला काय हरकत आहे?