बिघडवतो आपण, नाव तकदीरचं

सोळा वर्षांचा मुलगा मनोरुग्णालयात महिनाभर राहून घरी आला की शाळा म्हणते, आता १७ नंबरचा फॉर्म भरा, घरी बसूनच दहावी द्या. मोहल्ला म्हणतो, असर आहे. मुलगी असेल तर रिश्ते जमवणारी खाला तिचं नाव घ्यायचंच सोडते. मग तिशीत हीच मुलं शिक्षणाविना, कामाविना घरात बसलेली दिसतात आणि आपण मान हलवतो, ‘बघा, अशांचं पुढे काही होत नाही!’

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ स्टुअर्ट हाउजर यांनी किशोरवयात मनोरुग्णालयात दाखल झालेल्या ६७ मुलांचा पंचविशीपर्यंत मागोवा घेतला. बहुतेकांची वाट खडतरच राहिली, हे नाकारू नये. पण नऊ जण उत्तम उभे राहिले. त्यांच्यात तीन गोष्टी ठळक दिसल्या : स्वतःच्या मनाचा विचार करणं, आयुष्य आपल्या हाती आहे ही जाणीव आणि माणसं जोडण्याची धडपड. पहिल्या दोन त्या मुलानं कमवायच्या, मान्य. पण त्यानं जोडायला हात पुढे केला आणि समोर कुणीच नसेल, तर दोष कुणाचा?

कायदाही आपल्यापेक्षा शहाणा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ३ सांगतं की, पूर्वी उपचार घेतले किंवा रुग्णालयात राहिला, एवढ्यावरून आज किंवा उद्या कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

काही जण विचारतील, ‘मग लग्नात लपवायचं का?’ मुळीच नाही. फसवणूक दीनमध्ये बसत नाही. पण चौकशी आजच्या माणसाची करा. तो आज कसा वागतो, काम करतो का, गोळ्या लागत असतील तर वेळेवर घेतो का, हे विचारा. मधुमेहाच्या गोळ्या घेणारा जावई चालतो ना?

इलाज करा, ही ताकीद खुद्द पैगंबरांची (स.) आहे. इलाज करून आलेल्याला वाळीत टाकणं कुठल्या शिकवणुकीत बसतं? मुख्याध्यापकांनी त्याला त्याच वर्गात, त्याच बाकावर बसवावं. इमामसाहेबांनी एका जुम्याच्या बयानात या विषयावर बोलावं. चाचा-मामूंनी दुकानात काम द्यावं आणि चुकला तर इतरांना रागावतात तेवढंच रागवावं. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. तरीही होत नसेल, तर निदान तकदीरला दोष देऊ नका.