कर्ज फिटले, पण घर कोणाचे?



मागच्या महिन्यात पुसदला आमच्या गटाची बैठक होती. बैठक सुरू व्हायच्या आधीच एकीने पेढ्यांचा पुडा उघडला. घराचे कर्ज फिटले होते. वीस वर्षांचे कर्ज तेराव्या वर्षी संपले. नवऱ्याच्या पगारातून हप्ता जात होता तो जातच होता. पण हप्त्याच्या वर जे जे भरले गेले ते हिने कमावलेले. सकाळी कॉलेजच्या मुलांचे डबे, दुपारी ब्लाऊज आणि फॉल-पिको, उन्हाळ्यात शेवया, पापड, कुरड्या. तेरा वर्षांत ती माहेरी सलग चार दिवस राहिली नाही. सगळ्यांनी तिचे कौतुक केले, आणि ते कौतुकाचेच काम होते.

मग एका तरुण कार्यकर्तीने सहज विचारले, "ताई, घर कोणाच्या नावावर आहे?"

"यांच्याच," ती म्हणाली. "पण कर्जाच्या कागदावर माझी सही आहे ना."

त्या दिवशी बैठकीचा ठरलेला विषय बाजूलाच राहिला. जमलेल्या बहुतेक जणींनी घरासाठी काही ना काही घातले होते. कोणी दागिना मोडला होता, कोणी शेळ्या विकल्या होत्या, कोणी भिशीचा पैसा एकरकमी बँकेत भरला होता. घराच्या कागदावर नाव असलेल्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. हे संपादकीय त्या चर्चेतून आले आहे.

आधी पैशाचा हिशेब करू, कारण तो आपल्याला सहसा कोणी करून दाखवत नाही. समजा १० लाखांचे कर्ज आहे, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ९,००० रुपये येतो. वीस वर्षांत बँकेला सुमारे २१ लाख ६० हजार रुपये जातात, म्हणजे नुसते व्याजच साडेअकरा लाखांच्या वर. आता पहिल्या महिन्यापासून हप्त्याबरोबर २,००० रुपये जास्तीचे भरले, तर तेच कर्ज १३ वर्षांच्या आत फिटते आणि सुमारे ४ लाख ७० हजार रुपये व्याज वाचते. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जिरतो, मुद्दल फारसे हलत नाही. जास्तीचा भरणा मात्र सरळ मुद्दलातून वजा होतो. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेड केल्याबद्दल दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना मनाई केली. तेव्हा लवकर फेडणे शहाणपणाचे आहे, याबद्दल वाद नाही.

पण हे २,००० रुपये येतात कुठून? पगार ठरलेला असतो. शेतीचा पैसा वर्षातून एकदोनदा येतो आणि कापूस-सोयाबीनच्या भावावर अवलंबून असतो. दर महिन्याला न चुकता येणारी ही वरची रक्कम बहुतेक घरांत बाईच्या दुपारीतून आणि रात्रीतून येते. तिला आपण 'जोडधंदा' म्हणतो. मुख्य काम त्याचे, जोड हिची. त्याचे आठ तास मोजले जातात. हिचे पहाटे पाचपासूनचे तास घरकामात मिसळून जातात आणि कुठल्याच वहीत लिहिले जात नाहीत. परीक्षेच्या दिवसांत पापड लाटायला बसवलेल्या मुलीचे तास तर आपणही मोजत नाही. सात वर्षे लवकर संपलेले कर्ज आणि वाचलेले व्याज ही या न मोजलेल्या श्रमांची कमाई आहे. ती कोणाच्या नावे जमा झाली, हा आपला प्रश्न आहे.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका किराणा भरायला दागिने गहाण ठेवायच्या आणि सावकाराचे व्याज भरत राहायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्याआधी १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे पापड लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार मानली जाते. म्हणजे संस्थेत लाटलेला पापड बाईला भागीदार करतो, आणि घरात लाटलेला पापड तिला स्वतःच्या घराचीही मालकीण करत नाही. पापड तोच, हातही तेच. फरक आहे तो कागदाचा.

कागदाकडे येऊ. सहकर्जदार म्हणून केलेली सही ही कर्ज फेडण्याची जबाबदारी आहे. ती मालकी नव्हे. नवऱ्याने हप्ते थकवले तर बँक तिच्याकडे वसुली मागू शकते. पण खरेदीखतावर नाव नसेल तर घर विकताना तिची सही लागत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. तो मोलाचा आहे, अनेकींना त्याने रस्त्यावर येण्यापासून वाचवले आहे. पण राहण्याचा हक्क आणि मालकीचा हक्क वेगळे. हिंदू वारसा कायद्याने नवऱ्यामागे बायकोला वाटा मिळतो, तोही मुले आणि सासू यांच्याबरोबरीने. आणि स्वतःच्या कमाईचे म्हणून जे घर त्याच्या नावावर आहे ते तो मृत्युपत्राने दुसऱ्या कोणालाही देऊ शकतो. ते घर निम्मे हिच्या कमाईचे आहे हे सिद्ध करायला हिच्याकडे कागद नसतो. डब्यांचे पैसे रोख येतात, त्याच्या खात्यात भरले जातात आणि बँकेच्या पुस्तकात त्याची फेड म्हणून लिहिले जातात.

न्यायालये हे अजिबात ओळखत नाहीत असे नाही. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटले की, बायको घर आणि मुले सांभाळते म्हणून नवरा कमावू शकतो. तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही निम्मा वाटा आहे. हा निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण दाखला म्हणून मांडता येतो. शेजारच्या गोव्यात, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. बाकी देशात बहुतेक ठिकाणी असा कायदा नाही. घटस्फोटाच्या वेळी बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद असलेले विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले, पण लोकसभेत मंजूर न होताच बारगळले.

आपल्या भागाला तर या मागणीचा जुना इतिहास आहे. शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत शेतकऱ्यांनी आपल्या वावरातला हिस्सा बायकोच्या नावावर करावा, असे आवाहन शरद जोशींनी केले. १९९२ मध्ये राज्य शासनाने त्याच नावाने परिपत्रक काढून, नवऱ्याने अर्ज केल्यास सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहधारक म्हणून लावायची सोय केली. तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्याच पुसदचे सुधाकरराव नाईक. पुढे 'घर दोघांचे' या मागणीवर २००३ मध्ये ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत दोघांची नावे लावण्याचा निर्णय झाला. चळवळीमुळे हे झाले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण 'नवऱ्याने अर्ज केल्यास' हे शब्द नीट वाचा. हक्क बाईचा, आणि अर्ज मात्र त्याच्या मर्जीचा! म्हणूनच मोहिमेचा जोर ओसरला तसा अर्जांचाही ओसरला.

याची किंमत कोण मोजते, हे यवतमाळ जिल्ह्यात सांगायला नको. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्यातल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांना त्या कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता, आणि राहत्या घरावरचा हक्क फक्त ३५ टक्के जणींना मिळाला होता. कर्ज मात्र सगळ्यांच्या दारात आले होते.

यावर नेहमीचे उत्तर येते : नवरा-बायकोत कसले माझे-तुझे? आमचे म्हणणे साधे आहे. माझे-तुझे नसेल तर दोघांचे नाव लावायला हरकत कशाची? ज्या घरात खरोखर प्रेम आणि विश्वास आहे तिथे नाव लावल्याने तो कमी होणार नाही. आणि जिथे नाव लावायचा विषय काढताच भांडण होते, तिथे नाव लावण्याची गरज किती आहे हे त्या भांडणातूनच कळते. गटातल्या दोघी-तिघींनी घरी जाऊन विचारले. एकीचा नवरा म्हणाला, "अवं, मले आधीच सांगायचं ना, कधीचं लावलं असतं." दुसरीच्या घरी दोन दिवस अबोला होता. दोन्ही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. जोडधंदा म्हणून गटातून किंवा सूक्ष्म वित्त कंपनीकडून कर्ज काढायचे आणि ते बँकेच्या हप्त्यात भरायचे, असे अनेक घरांत चालते. हे कर्ज फेडणे नव्हे. हे स्वस्त कर्ज महाग कर्जाने फेडणे आहे, आणि आठवड्याच्या वसुलीला दारात उभे राहावे लागते ते बाईलाच. कमाई झाली तरच जास्तीचा भरणा करावा. त्यासाठी आपले आजारपण अंगावर काढावे लागत असेल, मुलीची शाळा बुडत असेल, तर कर्ज दोन वर्षे उशिरा फिटले तरी चालेल.

मग करायचे काय? आमच्या बैठकीत जे ठरले ते सर्व गटांपुढे ठेवतो.

पहिले, कर्ज काढण्याआधीच खरेदीखतावर दोघांचे नाव लावायचा आग्रह धरा. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत राज्याने १ एप्रिल २०२१ पासून लागू केली. हा मुद्दा घरात बोलताना उपयोगी पडतो. मालकी नसेल तर नुसती सहकर्जदाराची सही करू नका.

दुसरे, आपली कमाई आधी आपल्या स्वतःच्या खात्यात जमा करा आणि तिथूनच कर्जखात्यात भरा. प्रत्येक भरण्याची पावती ठेवा. जास्तीची रक्कम मुद्दलात वळती केली का, हे बँकेकडून लेखी घ्या. डब्यांची, शिलाईची साधी वही ठेवा, तारखेसकट.

तिसरे, कर्ज फिटले की मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा असेल तर तो उतरवून घ्या.

चौथे, आणि सगळ्यात महत्त्वाचे : घर गहाण असेपर्यंत नाव लावायला बँकेची परवानगी लागते. ते मोकळे झाले की ही अडचण राहत नाही. नवऱ्याने बायकोला राहत्या घराचा हिस्सा बक्षीसपत्राने द्यायचा तर मुद्रांक शुल्कही राज्याने नाममात्र ठेवले आहे. नेमका खर्च दुय्यम निबंधक कार्यालयात विचारावा. म्हणून पेढे वाटायच्या दिवशीच नाव लावायचा दिवस ठरवा. शक्य तिथे गटातल्या चार जणींनी बरोबर जावे. एकटी बाई कचेरीत गेली की तिला उद्या या म्हणतात, चौघी गेल्या की खुर्ची देतात.

आणि शासनाकडे आपली मागणी कायम आहे : लग्नानंतर घेतलेले घर आणि शेत दोघांचे, असा कायदा करा. बाईचा हक्क नवऱ्याच्या अर्जावर अवलंबून ठेवू नका.

त्या मैत्रिणीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. कागदपत्रे बँकेतून हातात आली आहेत. नवऱ्याशी एकदा बोलून झाले आहे. तो "बघू" म्हणाला आहे. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा बोलणार आहे, आणि या वेळी तेरा वर्षांच्या भरण्याची वही समोर ठेवणार आहे. आपापल्या गावात अशा वह्या किती निघतात ते पाहा, आणि काय घडले ते आम्हाला जरूर लिहा.

— संपादक मंडळ