ही शांतता फुकट आलेली नाही!

पोर्तुगालची १२ ऐतिहासिक गावं जोडणारी जीआर २२ ही सुमारे ६०० किलोमीटरची वाट. पळायला जाणारे लिहितात, 'काय शांतता!' अहो, ही शांतता आली कुठून? १९६० च्या दशकात डोंगरातली माणसं पोटासाठी फ्रान्सला, लिस्बनला गेली. शेतं पडीक पडली, शेळ्या गेल्या, झुडपं माजली, कागदासाठी निलगिरी लावली. जून २०१७ मध्ये याच मध्य पोर्तुगालात, पेद्रोगाव ग्रांदेला वणवा भडकला. ६६ माणसं गेली. बहुतेक जीव वाचवून पळताना, रस्त्यावरच.

माझं म्हणणं सरळ आहे. वाटेवर खुणा रंगवून डोंगर वाचत नाही. जरूर पळा, पण सरकारने आधी तिथला शेळ्या राखणारा टिकवावा. पटत नसेल तर खोडून काढा.