डोळ्यांतलं पाणी आणि घरातली माणसं

मला चौदा वर्षांपासून संधिवात आहे, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात तो. या आजारात सांध्यांच्या दुखण्याला घरात मान मिळतो. पिठाचा डबा उचलायला कुणीतरी पुढे येतं. पण डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतंय म्हटलं, की "मोबाईल कमी बघ" एवढ्यावर विषय संपतो. आणि डोळे वाहू लागले, तर कोण काय बोललं याची चौकशी सुरू होते. डोळ्यांचा हा त्रास दीर्घ आजाराचाच भाग आहे आणि घराने तो तसाच धरला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतं ते वाहणारं पाणी. डोळे कोरडे आहेत, मग पाणी कसं येतं? डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर सतत असतो. त्यात पाणी असतं, बुबुळाला चिकटून राहणारा चिकट पदार्थ असतो आणि वर पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येणारं तेल असतं. तेल कमी पडलं की पाणी लवकर सुकतं. डोळा चुरचुरतो आणि शरीर घाईघाईने एकदम भरपूर पाणी सोडतं. ते गालावर ओघळून जातं, पण डोळ्यावर टिकत नाही. म्हणून वाहणारा डोळाही कोरडा असू शकतो. अर्थात, अश्रू नाकात उतरण्याची नळी बंद झाली तरी डोळे वाहतात. कारण कोणतं ते तपासूनच कळतं.

डोळा आणि सांधा यांचं नातं वैद्यकाला नवीन नाही. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली आपल्या प्रबंधात कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रियांची नोंद केली. त्यांतल्या १३ जणींना सांध्यांचा जुनाट आजार होता. आज त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. या आजाराच्या दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ बायका असतात. तोंड इतकं कोरडं पडतं की भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. मधुमेह, थायरॉइड यांतही डोळे कोरडे पडतात. ॲलर्जीच्या, लघवीच्या आणि मनाच्या आजारांवरच्या काही गोळ्याही त्यात भर घालतात. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी. तपासणी साधी असते. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात. ती पाच मिलिमीटरपेक्षाही कमी भिजली, तर अश्रू फारच कमी आहेत असं समजतात.

आपल्या घरांतले उपाय मात्र वेगळेच असतात. कुणी गुलाबजल टाकायला सांगतं, कुणी सुरमा आणून देतं. सुरमा लावणं सुन्नत म्हणून आपल्याला प्रिय आहे, त्या भावनेचा मला आदर आहे. पण बाजारात सुरमा म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांत शिसं सापडलं आहे. शिसं विषारी आहे, आणि लहान मुलांना तर फारच. पुडीवर सुन्नत लिहिल्याने ते कमी होत नाही. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेला स्टिरॉइडचा ड्रॉपही असाच घातक. लाली दोन दिवसांत जाते, पण तो महिनोन्महिने टाकत राहिलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

रमजानमध्ये आणखी एक अडचण येते. रोजा मोडेल या भीतीने कितीतरी जणी दिवसभर ड्रॉप टाकत नाहीत. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ च्या ठरावात डोळ्यांतल्या ड्रॉपने रोजा मोडत नाही असं म्हटलं आहे. हनफी आणि शाफई या दोन्ही मसलकांचं मतही हेच आहे. म्हणजे देशावरचे असोत की कोकणातले, आपल्यापैकी बहुतेकांना ही सवलत आधीपासूनच आहे. मनात शंका असेल तर मौलानांना विचारावं. पण हा मसला मशिदीतूनच रमजानच्या आधी सांगितला गेला, तर विचारायला संकोचणाऱ्या बायकांपर्यंतही तो पोहोचेल.

खरी अडचण पैशांची आणि प्राधान्याची आहे. महिनाअखेरीस पैसे कमी पडले की पहिल्यांदा डोळ्यांचा ड्रॉप गळतो, कारण त्यावाचून माणूस मरत नाही. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ड्रॉप लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला घ्यावा लागतो, आणि तो महाग पडतो. तरी कोरडेपणा फार वाढला तर बुबुळाला जखम होते, नजर अधू होते. ज्या बाईला सुईत दोरा ओवून चार पैसे मिळवायचे आहेत, कुराणाची तिलावत करायची आहे, तिच्यासाठी हे नुकसान किरकोळ नाही.

घराने करायच्या गोष्टी फार नाहीत. पंख्याचा झोत तिच्या तोंडावर येणार नाही अशी खाट ठेवावी. फोडणीच्या धुरासमोर दुसऱ्या कुणी उभं राहावं. गाडीवर तिला काचेचं हेल्मेट द्यावं. रात्री लावायचं मलम उशाशी असावं. आणि किराणाच्या यादीत साखरेच्या आधी ड्रॉपची बाटली लिहावी.