लाल त्रिकोण की पांढरा तारा?

जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला घरातल्या पोराबाळांसह जाण्याची पद्धत आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. अशा मेळाव्यात एका कोपऱ्यात चार-सहा जीप हमखास उभ्या असतात. मिलिटरीचा हिरवा रंग, बॉनेटवर मोठा पांढरा तारा, बाजूला पट्ट्याने बांधलेले फावडे आणि कुऱ्हाड, आणि पुढे पाटी : ‘विलिस, १९४२’. मुले तिच्यात बसून फोटो काढून घेतात. वडील मुलांना दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट सांगतात. सगळे कसे छान असते. गंमत एवढीच, की त्यांतल्या काही जीपनी युद्ध कधी पाहिलेलेच नसते. त्यांचा जन्म युद्ध संपल्यावर, मुंबईत झालेला असतो.

ही थापेबाजी ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कारखानदारांकडे हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची मागणी नोंदवली. पहिला नमुना द्यायला मुदत दिली अवघी ४९ दिवसांची. ‘बॅंटम’ या छोट्या कंपनीने ती पाळली, पण मोठी कामे मिळाली विलिस आणि फोर्ड यांना. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीप बनवल्या. या युद्धातल्या जीपचे बॉनेट बसके असते आणि पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात. आपल्याकडे जी जीप गावोगाव दिसली, ती बहुतेक ‘सी-जे थ्री-बी’ जातीची. तिच्या जाळीला सात फटी. १९५३ साली विलिसने उंच डोक्याचे ‘हरिकेन’ इंजिन तिच्यात बसवले आणि ते मावावे म्हणून बॉनेट वर उचलले. उंच बॉनेट आणि सात फटी दिसल्या की पाटीवरचे १९४२ खुशाल खोडावे. एक खूण आणखी गमतीची आहे. युद्धकाळात फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ अक्षर उठवले होते. रंगाखाली पान्याने चाचपडत ते अक्षर शोधणारे शौकीन मी पाहिले आहेत.

मुंबईचा संबंध असा. १९४५ साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर-जनरल झाले, आणि १९४८ साली कंपनीच्या नावातला दुसरा शब्दही ‘महिंद्र’ झाला. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलिस जीपची जुळणी सुरू झाली होती. थ्री-बीचे उत्पादन अमेरिकेत १९६८ साली थांबले. आपल्याकडे मात्र तिचा वंश त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिला. म्हणजे ही गाडी उसनी खरी, पण तिचा संसार आपल्याच घरात झाला.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे गेली तीन वर्षे माझ्या दारात उभी असलेली, १९६८ सालची अशीच एक थ्री-बी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी ती ऊस-मळीच्या गोदामामागे पडून होती. पाटे बसलेले, तळाचा पत्रा कुजून खालची जमीन दिसत होती. आमच्या मिस्त्रींनी आधी चासीवर ठोकलेला नंबर पॉलिश पेपरने घासून काढला, तो आर.सी. बुकाशी ताडून पाहिला आणि मगच बाकीच्या कामाला हात घातला. “गाडी कोण आहे ते कळल्याशिवाय रंग विचारू नका,” असे ते म्हणाले. मला तेव्हा ते मिस्त्रीचे बोलणे वाटले. आता ते इतिहासकाराचे वाटते.

रंग काढताना आम्ही उलट्या दिशेने काळात शिरलो. वर काळा, त्याखाली पिवळा. वडाप वाहतुकीत दहा-बारा माणसे कोंबून धावली तेव्हाचा असावा. त्याखाली फिकट निळा, आणि सर्वांत खाली पांढरा. दरवाजे या गाडीला पत्र्याचे होते, मागाहून बसवलेले. डाव्या दरवाजावर पांढऱ्या रंगात एक विटकरी डाग वर आला. आधी गंज वाटला. पण गंजाला तीन सरळ कडा नसतात. तो उलटा लाल त्रिकोण होता.

पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना अधिक सांगायला नको. भिंतींवर, एस.टी.च्या पाठीवर, रेडिओच्या जाहिरातीमागे हा त्रिकोण आपल्या लहानपणी सगळीकडे होता. कुटुंबनियोजनाची ती खूण. माझी जीप सरकारी आरोग्य खात्याच्या कामाची होती आणि लिलावात विकली गेली होती. बुकातल्या पहिल्या मालकाच्या रकान्याने पुढे ते पक्के केले.

त्या भागात अशी गाडी चालवलेले एक निवृत्त ड्रायव्हर मला भेटले. वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना मामा म्हटले, ते मला साहेबच म्हणत राहिले. दरवाजाचा फोटो बघून बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, आणीबाणीत ही गाडी वेशीवर दिसली की गडीमाणसं उसात पळायची. मी हॉर्न वाजवायचं सोडून दिलं होतं.” थोड्या वेळाने स्वतःच पुढे म्हणाले, “पण पावसाळ्यात अडलेल्या बायाबी हिच्यातनंच तालुक्याला नेल्या. ओढ्याला पाणी असलं की दुसरी कुठली गाडी जायची? तेबी लिवा.”

दोन्ही लिहिले पाहिजे. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. दुसरीकडे लस, देवीचे डॉक्टर, मलेरियाची फवारणी, दुष्काळी कामांवरचे मस्टर, मतपेट्या, सगळे याच चार चाकांवरून खेड्यात पोचले. सरकार म्हणजे काय, हे पुष्कळ खेड्यांनी पहिल्यांदा पाहिले ते जीपच्या रूपाने. तिची वाट पाहिली जाई आणि तिला भ्यायलेही जाई. असा इतिहास अंगावर असलेल्या गाडीला आपण परक्या युद्धाचा तारा चिकटवतो, तेव्हा आपण तिला सजवत नाही. तिची साक्ष पुसतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. गाडी ज्याची, मर्जी त्याची. हौसेला मोल नसते. मान्य. हौस म्हणून कोणी तारा काढावा, फक्त पाटीवर १९४२ लिहू नये. हरियाणातले मंडी डबवाली हे गाव तर जुन्या सुट्या भागांतून उघड्या जीप बांधून देण्यासाठी नावाजलेले आहे. त्या कारागिरांच्या हाताला माझा नमस्कार. पण नव्याने बांधलेली ती नव्याने बांधलेली. नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका करणाऱ्याला आपण दाद देतो, त्याच्याकडे वंशावळ मागत नाही. मात्र तो वंशावळ सांगू लागला तर मागावी लागते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ‘मूळ रूप’ म्हणजे नेमके कोणते? केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पुराण-वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांच्या मालिकेत नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मेळावे, प्रदर्शने वगैरे सोडून ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. थापेबाजीला आळा घालणारा म्हणून हा नियम मला पटतो. पण आपल्या जीपचे काय? १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा कितीतरी जीपच्या पोटात डिझेल इंजिने गेली. पुढे कंपनीनेच प्यूजोच्या बनावटीचे डिझेल इंजिन दिले. माझ्या गाडीतही डिझेलच आहे, आणि तो बदल बुकात रीतसर चढवलेला आहे. तो फेरफार म्हणजे बाटणे नव्हे. ते तिचे जगणे होते. पेट्रोलचे जुने इंजिन शोधून घालणे अशक्य नाही. पण तसे केले तर तिच्या आयुष्याची चाळीसेक वर्षे मलाच भंगारात घालावी लागतील. म्हणून मी त्या मालिकेच्या मागे लागलो नाही. त्या-त्या काळात झालेला आणि कागदावर असलेला बदल इतिहास म्हणून धरावा, एवढी सुधारणा या नियमात व्हावी असे मला वाटते.

जुनी जीप घेणाऱ्यांना माझे सांगणे साधे आहे. पत्रा घासण्याआधी कागद पाहा. प्रत्येक थराचा फोटो ठेवा. लिलावाची पावती, करपावत्या, जुना परवाना रद्दीत घालू नका. जुने ड्रायव्हर आणि मिस्त्री अजून आहेत तोवर त्यांच्याकडे जाऊन बसा. सुटे भाग पुण्याच्या जुन्या बाजारात आज ना उद्या मिळतील; ही माणसे मिळणार नाहीत.

माझ्या जीपचे पाटे नवे आहेत, तळाचा पत्रा नवा आहे, ब्रेक पूर्ण नवे आहेत, कारण घरची मुले तिच्यात बसतात. ती पुन्हा पांढरी झाली आहे. फक्त डाव्या दरवाजाला रंग लावलेला नाही. त्यावर विटका त्रिकोण आहे तसा आहे. मुले विचारतात, हे काय? मग त्यांना सांगावे लागते, उसात पळणाऱ्या माणसांचेही आणि ओढ्यापलीकडच्या बाळंतिणीचेही. पांढऱ्या ताऱ्याची गोष्ट त्यांना सिनेमात केव्हाही पाहायला मिळेल. ही गोष्ट आपणच सांगायची आहे.