बारनिशी गेली, दप्तर उरले

सरकारी संकेतस्थळाच्या माथ्यावरील मेनूच्या पट्टीत कोणती बाब प्रथम यावी आणि कोणती कशाच्या पोटात जावी, हा प्रश्न बहुधा संगणकवाल्यांचा समजला जातो. वस्तुतः तो मुलकी कारभाराचा आहे, आणि त्याचा निवाडा पिंपळनेरच्या उपबाजारात कांद्याची गाडी लावून मोबाईलवर उतारा पाहू जाणाऱ्या खातेदाराच्या सोयीवरूनच व्हावयास हवा.

महाभूलेख या जमीन-अभिलेखांच्या संकेतस्थळावर सातबारा पाहण्यासाठी कित्येक वर्षे प्रथम महसुली विभाग निवडावा लागे. आपण नाशिक विभागात मोडतो, हे साक्री तालुक्यातल्या रयतेने कशासाठी ध्यानात ठेवावे? तिला गाव ठाऊक, गट नंबर तर मुखोद्गत. पतीच्या पश्चात जमिनीवर नाव लावू इच्छिणाऱ्या स्त्रीने ‘ई-हक्क’, ‘ई-फेरफार’ आणि ‘ई-चावडी’ यांपैकी कोणाचे दार ठोठावावे, हे तर बृहस्पतीलाही उमगू नये. (अर्ज ‘ई-हक्क’मध्ये करावयाचा असतो.)

दप्तराबरहुकूम केलेली ही मांडणी मुळात निर्बुद्ध नव्हे. इंग्रजी अमदानीत अँडरसनसाहेबाच्या नियमपुस्तिकेने गावदप्तर २१ नमुन्यांत बांधले. सातवा अधिकाराभिलेखाचा, बारावा पिकांचा. रयतेला ते क्रमांक कळण्याची गरज नव्हती, कारण तिचे गाऱ्हाणे ऐकून नेमका नमुना काढणारा तलाठी आणि कचेरीत अर्ज योग्य टेबलाकडे रवाना करणारा बारनिशी कारकून मध्ये बसलेला असे. संकेतस्थळाने तो मनुष्य उठवला आणि त्याचे दप्तर जसेच्या तसे रयतेपुढे मांडले. त्याची जागा आज सेवा केंद्राचा चालक दाम घेऊन भरून काढतो.

तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातील आदिवासी दावेदाराची अडचण आणखी निराळी. २००६ च्या कायद्याखालील वनहक्काचा दावा ग्रामसभेत सुरू होऊन उपविभागीय समितीमार्गे जिल्हा समितीकडे जातो आणि महसूल, वन, आदिवासी विकास ही तिन्ही खाती त्यात गुंतलेली. खातेनिहाय मेनूत त्याने तो कोठे धुंडाळावा?

खात्यावाचून पदनिर्देशित अधिकारी ठरत नाही, हा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाचा आधार घेऊन केला जाणारा आक्षेप खरा आहे. परंतु खात्याचे नाव अर्जाच्या पोचेवर आले तरी पुरे. पहिल्या पट्टीवर उतारा, वारसनोंद, दाखले, वनहक्क ही कामेच असावीत, आणि १९८१ साली झेरॉक्सच्या संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी रेखलेल्या त्या तीन आडव्या रेघांआड ती मोबाईलवर दडवली जाऊ नयेत. नव्या मेनूचा मसुदा मंजूर करण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्यांनी तो बाजाराच्या दिवशी चार खातेदारांच्या हाती द्यावा, आणि जेथे त्यांचे बोट अडेल तेथे मसुदा बदलावा.