टर्बो बसवला, पण इंजिन बसले

माहूरचा गड चढताना जुन्या जीपला धाप लागते, हे आपल्याकडे लहान पोरगेही सांगेल. नवरात्रात, दत्तजयंतीला ज्याची गाडी लवकर चढते त्याची एखादी फेरी जास्त होते. माझ्या भाच्याने याच हिशेबाने आपल्या जुन्या डिझेल जीपला बाजारातले टर्बो किट बसवून घेतले. पैसे हातउसने, त्यातले काही माझ्या बहिणीने बचत गटातून उचललेले.

पंधरा दिवस गाडी वाऱ्यासारखी चढली. मग निळा धूर सुटला, ऑईल घटू लागले. गॅरेजवाला म्हणाला, इंजिन खोलावे लागेल. भाचा रात्री घरी आला. "मामा, इंजिन खोललं तर मायच्या गटाचा हप्ता कुठून भरू?"

मी कारकून. मला पाना धरता येत नाही. पण कचेरीत हिशेब जुळला नाही तर आम्ही अख्खी वही फाडत नाही. शेवटची नोंद आधी तपासतो. गाडीतली शेवटची नोंद म्हणजे टर्बो. तेवढेच आधी बघून घे, असे मी त्याला सांगितले.

एका जुन्या मिस्त्रींनी ते पाहिले. टर्बोतून ऑईल खाली चेंबरमध्ये परत नेणारा पाइप दुमडला होता, शिवाय जोडाला लावलेला सिलिकॉनचा लगदा आत फुगून निम्मी वाट अडली होती. परतीची वाट बंद झाल्यावर ऑईल टर्बोच्या सीलमधून हवेच्या नळीत गेले आणि जळू लागले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असेच होणार होते. सरळ उताराचा पाइप बसवला, नळ्या साफ केल्या. इंजिन खोलावे लागले नाही.

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ साली याचे पेटंट घेतले. हा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑईलच्या पातळ थरावर जगतो. म्हणून ऑईल वेळेवर बदलावे, आणि घाट चढून आल्यावर चावी लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवावे.

धूर पाहून दोष ओळखता येतो. निळा धूर म्हणजे ऑईल जळते. परतीचा पाइप आणि टर्बोचे सील पाहा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर तुंबला आहे का, हवेच्या नळीचा क्लिप सैल आहे का, पंप जास्त खोलला आहे का, ते पाहा. फुसफुस आवाज येऊन ताकद कमी झाली, तर नळी कुठेतरी फाटली असेल. पाणी उकळत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर गाडी तिथेच थांबवा. हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या.

हा शेवटचा दोष सर्वांत महाग. बिनटर्बोचे इंजिन मुळात जास्त दाबाचे असते. त्यात आणखी हवा आणि डिझेल कोंबले की दाब आणि उष्णता वाढते. कारखान्यातल्या टर्बो इंजिनाचे पिस्टन आणि कूलिंग त्या हिशेबाने बनवलेले असते; आपल्या जुन्या जीपचे नसते.

कायद्याचाही विचार करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी याच कारणावरून भरपाई अडवू शकते.

भाच्याने पासिंगच्या आधी किट उतरवले आणि तोट्यात विकले. आता तो फिल्टर, नोझल आणि रेडिएटर वेळेवर साफ करून घेतो. गाडी गडावर दमानेच चढते, फेरी एखादी कमी होते. पण बहिणीचा हप्ता चुकत नाही. भावांनो, गाडीला नवे काही बसवण्याआधी घरात कागद घेऊन बसा आणि खर्चाच्या बाजूला इंजिनही मांडा.